‘युनिकोडमध्ये मराठी ल नाही’ हे कृपया थांबवा

२७ फेब्रुवारीला नाशकात, कुसुमाग्रजांच्या गावात, मराठी भाषा गौरव दिनाचे फलक लागतात आणि त्यांतल्या कित्येकांवर ‘ल’ नि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. डीटीपीवाल्याला विचारावं तर ठरलेलं उत्तर, ‘साहेब, युनिकोडमध्ये मराठी ल येतच नाही.’ युनिकोड म्हणजे संगणकातल्या अक्षरांची जागतिक यादी. हे ऐकून कान किटले आहेत.

फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तेव्हा ते शिशाच्या खिळ्यांत असायचं, आता फाइलमध्ये असतं.

युनिकोडचा वळणाशी संबंधच नाही. तो अक्षराला क्रमांक देतो, बस्स. ‘ल’चा क्रमांक ०९३२. आपला पाकळीयुक्त ल काढा नाहीतर हिंदीतला, क्रमांक तोच. कुठला दिसायचा हे फॉन्ट ठरवतो. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही आकार आहेत. वेबपानाची भाषा मराठी अशी नोंदवली की त्याच मजकुरातला ल वळण बदलतो, एक अक्षरही पुन्हा टाइप न करता. पण भाषा नोंदवायचे कष्ट कोण घेतो? छपाईसाठी तर सरळ मराठी वळणाचाच फॉन्ट घ्यावा. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फुकट मिळतो. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीयुक्त ल ठरवून दिला, तरी फलकांवर हिंदी ल दिसतो, याला आळसाखेरीज कारण नाही.

आता उलटी बाजू, आणि इथेच भले भले फसतात. ‘आचार्यांना जेवायला बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावलं’, यात पाहुणा बदलतो. दुसऱ्या वाक्यातला ऱ वेगळा आहे, त्याचा क्रमांक ०९३१. तो टाइपच केला नसेल तर जगातला कुठलाही फॉन्ट तो आणून देणार नाही. तरी लोक फॉन्ट बदलत बसतात! ‘ॲ’चंही तसंच. २००८ मध्ये ५.१ आवृत्ती येईपर्यंत तो युनिकोडमध्ये खरोखर नव्हता, तेव्हाची तक्रार रास्त होती. आज मात्र ‘ऍड.’ लिहिणाऱ्याला सबब नाही. वकिलाचं नाव ‘ॲड.’ लावून शोधलं तर ते सापडत नाही, कारण दोन्ही अक्षरांचे क्रमांक निराळे.

शंका आली तर मजकूर उचलून दुसऱ्या फॉन्टात टाका. जे बदललं ते फॉन्टचं, जे तसंच राहिलं ते युनिकोडचं. सगळ्याचीच गिचमिड झाली तर तो जुन्या पद्धतीचा, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट होता. त्या मजकुराला आधी युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावा, वळणाचं नंतर पाहू.