वेक वेगळा, ब्लॉकेज वेगळं

वेकबद्दल फार लिहायला नको: पवनचक्कीमागे राहणारा मंद, घुसळलेला वारा. तो मोजायला येन्सेनचं 1983 चं मॉडेल, त्यात वेक किती झपाट्याने पसरतो याचा गुणांक जमिनीवर 0.075, समुद्रात 0.04 ते 0.05. हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ असतं.

ब्लॉकेजमध्ये वारा पवनचक्क्यांच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचण्याआधीच मंदावतो, कारण अख्ख्या पवन प्रकल्पाचा अडथळा समोरच्या हवेवर दाब वाढवतो. ‘म्हणजे पुढच्या बाजूचा वेकच’ असं अहवालात वाचलं की डोकं उठतं. नेहमीचं वेक मॉडेल वाऱ्याच्या दिशेने एकेक ओळ सोडवत जातं. मागच्या ओळीचा पुढच्या ओळीवर परिणाम होण्याची त्यात सोयच नाही.

खरी गोची मॉडेल जुळवताना होते. पहिल्या ओळीची वीज 100 धरायची, मागच्या ओळी तिच्या तुलनेत मांडायच्या, आलेख छान जुळला की सगळे खूश! पण मोकळा वारा सेकंदाला 10 मीटर आणि पहिल्या ओळीला मिळतोय 9.8, असं असेल तर? रेटेड वेगाच्या (ज्या वेगाला चक्की पूर्ण क्षमतेने वीज देते) खाली वीज वेगाच्या घनाने बदलते, म्हणजे जवळपास 6 टक्के गेली. आलेखात पहिली ओळ तरीही 100. तूट भाजकातच गडप झाली. वेकचा गुणांक कितीही पिळलात तरी ती सापडणार नाही.

ती पकडायची तर प्रकल्पाआधीच्या आणि नंतरच्या मास्टच्या (वारा मोजणाऱ्या मनोऱ्याच्या) नोंदी ताडाव्या लागतात. ब्लीग आणि सहकारी संशोधकांनी 2018 मध्ये तेच केलं: रोटरच्या (चक्कीच्या फिरत्या पात्यांच्या) 7 ते 10 व्यास पुढेही वेग सरासरी 1.9 टक्के घटलेला. एकट्या चक्कीचा परिणाम तिथे जेमतेम 0.1 टक्का. ऑक्टोबर 2019 मध्ये ऑर्स्टेड या डॅनिश पवनऊर्जा कंपनीनेही वेक आणि ब्लॉकेज दोन्ही कमी धरल्याचं जाहीर केलं आणि काही सागरी प्रकल्पांचा अपेक्षित परतावा 7.5–8.5 वरून 7–8 टक्क्यांवर आणला.

आता उलटा घोळ: तीच घट दोनदा मोजली जाण्याचा. चक्कीचा स्वतःचा अडथळा पॉवर कर्व्हमध्ये (कुठल्या वेगाला किती वीज, हा चाचणीतून काढलेला आलेख) बहुतांशी आलेलाच असतो, कारण चाचणीचा मास्ट साधारण 2.5 व्यास पुढे असतो. म्हणून सीएफडी (हवेच्या प्रवाहाची संगणकी गणना) दोनदा चालवा: एकदा सगळ्या चक्क्या एकत्र, एकदा प्रत्येक एकटी. फरकातून वेक वेगळा काढा, उरेल ते ब्लॉकेज. पहिल्या ओळीची घट सरसकट सगळ्यांना लावू नका. कडेच्या चक्क्यांना कधीकधी उलट जास्तच वारा मिळतो. आणि गणनेची चौकट, म्हणजे संगणकात धरलेला हवेचा भाग, अरुंद ठेवलीत तर बाजूच्या भिंती वाऱ्याला वळू देत नाहीत, मग जे उत्तर येतं ते प्रकल्पाचं नसून चौकटीचं असतं.