आरव्हीने डिस्ने वर्ल्ड: अटलांटाहून निघणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमची आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोटरहोम गाडी) घेऊन अटलांटाहून ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला निघणाऱ्या कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. इथले आकडे आमच्या २८ फुटी क्लास सी गाडीचे आहेत: फोर्ड ई-४५० ची चासी, चालकाच्या डोक्यावर पलंग, एक स्लाइड-आउट (गाडी उभी असताना बाहेर सरकणारा भाग), विजेची ३० अँपिअरची जोडणी. गाडी तळावर लावून पाणी, वीज आणि सांडपाणी एकदा जोडलं की परतीच्या सकाळपर्यंत ती हलवायची नाही, या हिशेबाने पुढचं सगळं लिहिलं आहे. रोज जोडण्या काढून गाडी पार्कच्या दारापर्यंत नेणाऱ्यांचा दिवसाचा दीड तास त्यातच जातो.

आधी जागा, मग तिकिटं

डिस्नेच्या आवारातच फोर्ट विल्डरनेस हा कॅम्पग्राउंड आहे. डिस्ने वर्ल्ड १९७१ च्या ऑक्टोबरात उघडलं आणि हा तळ त्याच वर्षी नोव्हेंबरात. सुमारे ७५० एकरांचं जंगल आणि त्यात लूप म्हणजे वळणावळणाच्या गल्ल्या. एका जागेवर १० माणसं राहू शकतात, त्यामुळे तंबू जोडून दोन कुटुंबंही मावतात. बुकिंग ४९९ दिवस आधी उघडतं. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि स्प्रिंग ब्रेकसाठी खरोखर तेवढं आधी बघावं लागतं. जानेवारीचा शेवट आणि सप्टेंबर त्या मानाने सैल.

बुक करताना जागेचा प्रकार नीट वाचा. सगळ्यात स्वस्त 'टेंट ऑर पॉप-अप' जागेत पाणी आणि वीज असते, सांडपाण्याची जोडणी नसते. तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर 'फुल हुक-अप' (तिन्ही जोडण्या असलेली जागा) घ्या. 'प्रिफर्ड' जागा धक्क्याजवळ असतात, मॅजिक किंगडम पार्कची बोट तिथूनच सुटते. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर तेवढे जास्त पैसे सार्थकी लागतात. 'प्रीमियम' जागेचा लांबरुंद काँक्रीटचा ओटा ४० फुटी बससाठी आहे, २८ फुटी गाडीला त्याची गरज नाही.

तिथे जागा मिळाली नाही तर क्लरमाँटजवळचं लेक लुइझा स्टेट पार्क चांगलं आहे. फ्लोरिडाबाहेरच्यांना तिथलं बुकिंग १० महिने आधी करता येतं (तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी मिळतं, म्हणून चांगल्या जागा आधीच गेलेल्या दिसतात). पण बाहेर राहायचं तर एक छोटी कार भाड्याने घ्याच.

तिकिटं तारखेची असतात. ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ३ ते ९ मुलांचं, १० पासून मोठ्यांचं. सहल मुलाच्या दहाव्या वाढदिवसाच्या अलीकडे बसते का, तेवढं बघून घ्या. फोर्ट विल्डरनेसमध्ये राहणाऱ्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास लवकर प्रवेश मिळतो. रांग वाचवणारा लाइटनिंग लेन मल्टी पासही त्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी घेता येतो, बाकीच्यांना ३ दिवस आधी.

कोण कुठे बसणार

गाडीत पलंग किती, यावरून माणसं मोजू नका. सीट बेल्टचे पट्टे किती, ते मोजा. चालत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं, मागच्या पलंगावर कुणी आडवं व्हायचं नाही. मुलांची कार सीट फक्त पुढे तोंड असलेल्या डायनेट (जेवणाच्या टेबलाच्या) सीटवर बसते. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या सीटवर ती बसवू नका, धक्क्यात ती धरून राहत नाही.

भारतातून आईवडील आले असतील तर वरचा पलंग त्यांना देऊ नका. शिडी अरुंद आहे आणि रात्री बाथरूमला उतरताना पाय घसरतो. त्यांना मागचा कायमचा पलंग द्या, वर मुलं चढतील. भारतीय परवान्यावर आम्ही गाडी चालवायला देत नाही. चालकांची नावं करारात आधीच घाला.

रस्ता

अंतर सुमारे ४४० मैल. कारने जे सात तासांत होतं त्याला या गाडीने नऊ तास धरा. ताशी ६२ ते ६५ मैलांच्या वर नेऊ नका. गाडी उंच आणि सपाट अंगाची आहे, शेजारून ट्रक गेला की आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, झटका देऊ नका. वळणावर गाडीची शेपूट दोन-तीन फूट उलट बाजूला फिरते. पेट्रोल पंपाच्या पिवळ्या खांबांवर उठलेले ओरखडे बहुतेक त्याचेच असतात: पुढचं चाक निघून जातं आणि मागचा कोपरा खांबाला लागतो. पंपावरून निघताना आधी सरळ पुढे या, मगच वळा.

शुक्रवारी दुपारी आय-७५ महामार्गावर मॅकडोनापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने जातात. पहाटे निघा. मेकन, टिफ्टन, वाल्डोस्टा, मग फ्लोरिडात लेक सिटी, गेन्सव्हिल, ओकाला. वाइल्डवुडला फ्लोरिडा टर्नपाइक धरा आणि पुढे ४२९ क्रमांकाच्या टोल रस्त्याने डिस्नेच्या पश्चिमेकडून आत शिरा. आय-४ वर न जाता पोहोचण्याचा हा शहाणपणाचा मार्ग. टोलला रोख सगळीकडे चालेलच असं नाही. जॉर्जियाचा पीच पास (टोल आपोआप भरणारा पास) तिथे चालतो.

पेट्रोल गॅलनला ८ ते १० मैल. टाकी ५५ गॅलनची आहे, पण जनरेटर पाव टाकीच्या खाली पेट्रोल ओढत नाही. तो तसाच बनवलेला आहे, बिघाड समजून फोन करू नका. वाल्डोस्टाला टाकी भरून घ्या. सीमेपलीकडे शेतमाल तपासणीचं नाकं लागतं. नुसत्या मोटरहोमला तिथे थांबावं लागत नाही, पण मागे सामानाचा ट्रेलर लावला असेल तर थांबावंच लागतं. दोन टप्प्यांत जाणार असाल तर रात्रीसाठी कॅम्पग्राउंड बुक करा. फ्लोरिडाच्या रेस्ट एरियात तीन तासांपेक्षा जास्त थांबता येत नाही.

फ्रिज निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून देतो, कारण गॅसवरचा फ्रिज थंड व्हायला ८ ते १२ तास घेतो. त्यात भरायचं सामानही घरून गार करून आणा. इडलीचं पीठ आंबवून आणलंत तर डबा अर्धाच भरा. वाटेत ते फुगून झाकण उचलतं आणि मग पीठ फ्रिजच्या दाराच्या रबरात जाऊन बसतं.

वीज: सकाळच्या स्वयंपाकाचा हिशेब

'आमची वीज गेली' हा फोन सकाळी आठच्या सुमारास येतो. वीज गेलेली नसते, ब्रेकर पडलेला असतो. ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे एकूण ३,६०० वॉट, आणि त्यातच सगळं बसवायचं. छतावरचा एसी १३ ते १५ अँपिअर घेतो. मायक्रोवेव्ह सुमारे १३. चहाची इलेक्ट्रिक किटली १२ च्या पुढे. सहा क्वार्टचा इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) ८ ते ९. गरम पाण्याचा हीटर विजेवर ठेवला असेल तर त्याचे आणखी ११-१२. एसी चालू, एकीकडे किटली, दुसरीकडे पोहे गरम करायला मायक्रोवेव्ह: झाले ३८.

एसीबरोबर एका वेळी एकच मोठं उपकरण, हा नियम पाळा. हीटर गॅसवर ठेवा. चहा गॅसच्या शेगडीवर करा, तसाही तो किटलीत उकळत नाही. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे घरघर करतो आणि वाटत काहीच नाही. ११० व्होल्टचा आणा किंवा चटणी घरून वाटून आणा. हीटरची सहा गॅलनची टाकी पाण्याने भरल्याची खात्री केल्याशिवाय त्याचं विजेचं बटण दाबू नका. कोरड्या टाकीत कॉइल क्षणात जळते आणि तो खर्च ठेवीतून जातो.

फोडणी देताना आधी छतावरची खिडकी उघडा आणि पंखा लावा, नाहीतर मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजेल. गॅसला मुद्दाम दिलेला कुजक्या अंड्यासारखा वास आणि हिंगाचा वास यांत गल्लत होऊ शकते. शंका आली तर शेगडी बंद करा, दार उघडा, सगळे बाहेर या. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा गळती-दर्शक जमिनीलगत बसवलेला आहे. त्याच्यासमोर चपला, पिशव्या ठेवू नका आणि डासांचा फवारा मारू नका.

टाक्या

ताजं पाणी ४० गॅलन, ग्रे टँक (आंघोळीचं आणि भांड्यांचं सांडपाणी) ३५, ब्लॅक टँक (टॉयलेटचं) ३५. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त भरतं, म्हणजे पूर्ण टाकीचे ३३० पौंड. तळावर नळ आहेच, त्यामुळे रस्त्यात पाव टाकी पुरे. तळाच्या नळाला आमचा पितळी दाबनियंत्रक आधी लावा, मग पांढरा होज. नियंत्रक विसरलात तर जास्त दाबाने गाडीच्या आतल्या पाइपचे सांधे सुटतात.

ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह जोडणी असली तरी बंदच ठेवायचा. उघडा ठेवला की पातळ वाहून जातं आणि घट्ट खाली साचून टणक होतं, ते मग होजने निघत नाही. टाकी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा: हातमोजे घाला, होजचं टोक सांडपाण्याच्या तोंडात घट्ट बसवा, आधी ब्लॅक टँक उघडा, आवाज थांबेपर्यंत थांबा, तो बंद करा. मग ग्रे टँक उघडा. त्यातलं साबणाचं पाणी होज धुऊन काढतं. यासाठीच ग्रे टँक आदल्या दिवसापासून बंद ठेवायचा असतो.

टॉयलेटमध्ये फक्त आरव्हीचा कागद टाका. ओले वाइप्स 'फ्लश करता येतात' असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी टाकू नका. टॉयलेटमध्ये पाण्याचा मग (टमरेल) वापरण्याची सवय असेल तर जरूर वापरा. जास्त पाण्याने टाकी स्वच्छच राहते, फक्त लवकर भरते. ग्रे टँकचा शत्रू वेगळा आहे: तेल आणि भाताची शितं. उन्हात दोन दिवसांत वास येतो. ताटं, कढया आधी कागदाने पुसून मग धुवा. चौघांच्या चार-चार गॅलनच्या आंघोळी आणि भांडी धरली तर टाकी दीड दिवसात भरते. तळावरच्या कम्फर्ट स्टेशनमध्ये गरम पाण्याचे शॉवर आहेत, ते वापरा.

पार्कचा दिवस

मॅजिक किंगडमला धक्क्यावरून बोट जाते. एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडमला बस. पण तुमच्या जागेपासून धक्का किंवा बसथांबा गाठायला आधी आतली बस घ्यावी लागते, म्हणून तळ ते पार्कचं दार यासाठी तासभर धरा. अर्धा तास आधीच्या प्रवेशाचा फायदा हवा असेल तर दार उघडायच्या दीड तास आधी गाडीतून निघा. गोल्फ कार्ट भाड्याने मिळते, ती जागेबरोबरच मागून ठेवा. विजा चमकत असताना बोट बंद असते, तेव्हा तिथेही बसच.

बाहेरचं खाणं आत नेता येतं. दशम्या, ठेपले, कोरडी चटणी, चिवडा खुशाल न्या. काचेची बरणी आणि सुटा बर्फ चालत नाही, म्हणून लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. मुलांची उंची घरीच मोजून या: सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४, ट्रॉनला ४८. पाऊण तास रांगेत उभं राहून पट्टीखाली अर्धा इंच कमी भरलं की ते रडणं आवरत नाही.

दुपारी दोन ते पाच गाडीत परत या. उन्हाळ्यात त्याच वेळी गडगडाटी पाऊस येतो. मात्र एसी सकाळी बंद करून गेलात तर दुपारी गाडी भट्टी झालेली असते. छतावरचा एसी बाहेरच्यापेक्षा २० अंश फॅरनहाइटच गार करू शकतो, त्यामुळे तो ७८ वर ठेवून जा, पडदे ओढून घ्या. अवनिंग (गाडीच्या बाजूला पसरायचं कापडी छत) मात्र तळावरून निघताना प्रत्येक वेळी गुंडाळायचंच, आभाळ निरभ्र असलं तरी. त्यावर पाणी साठलं किंवा वारा खालून शिरला तर अवनिंगचे हात वाकतात, आणि आमच्या विम्यात अवनिंग नाही. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. नाव दिलेलं वादळ ऑर्लँडोकडे वळलं तर आम्ही तारीख बदलून देतो, पण निघण्याआधी कळवा.

निघायच्या सकाळी

जागा ११ पर्यंत सोडायची असते. टाक्या रिकाम्या करायला आणि आवरायला दीड तास ठेवा. वीज काढताना आधी खांबावरचा ब्रेकर पाडा, मग प्लग ओढा. उलट केलंत तर ठिणगी उडून पिना काळ्या पडतात. स्लाइड-आउट आत घेण्याआधी त्याच्या वाटेत मुलांची खेळणी नाहीत ना, ते वाकून बघा. छताच्या खिडक्या, अँटेना, पायरी, गॅस, चाकाखालचे ठोकळे. शेवटी एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची आणि चालकाने ती होईपर्यंत किल्ली लावायची नाही.

गाडी परत देताना ब्लॅक आणि ग्रे टँक रिकामे, पेट्रोल नेताना होतं तेवढं. स्वयंपाकाच्या ओट्यावर हळदीचा डाग पडला असेल तर घासू नका, प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात. तो आम्हाला दाखवा, आम्ही काढतो.