मॅस्लो यांनी न काढलेला त्रिकोण

साताऱ्यात बी.एड. केलेल्या कुणालाही हा त्रिकोण झोपेतसुद्धा काढता येतो. कार्डशीटवर माणसाच्या गरजांचे पाच रंगीत पट्टे: तळाला अन्न-पाणी-झोप, वर सुरक्षितता, मग प्रेम व आपलेपणा, मग प्रतिष्ठा. टोकाच्या इवल्याशा जागेत कसाबसा कोंबलेला लांबलचक शब्द, आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पुरेपूर फुलवणे. खाली ठळक अक्षरात ‘मॅस्लोचा त्रिकोण’. मी वर्षानुवर्षे तो तसाच शिकवला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी मात्र तो कधी काढलाच नव्हता.

मॅस्लो यांचा जन्म १९०८ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. रशियातून आलेल्या ज्यू आईबापांच्या सात मुलांत ते थोरले. पीएच.डी. केली ती माकडांमधल्या वर्चस्वावर, १९३४ साली. तेव्हाचे मानसशास्त्र प्रयोगशाळेतल्या उंदरांत नाहीतर मनोरुग्णांत गुंतलेले होते. निरोगी, बहरलेला माणूस कसा असतो, हे फारसे कुणी विचारत नव्हते. मॅस्लो यांनी तो प्रश्न धरला आणि रूथ बेनेडिक्ट व मॅक्स वेर्थायमर या आपल्या दोन आदरणीय गुरूंकडे बघत त्याच्या नोंदी करू लागले. ‘आत्मवास्तविकीकरण’ ही संज्ञा त्यांनी घेतली कुर्ट गोल्डस्टाइन यांच्याकडून. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे हे डॉक्टर.

गरजांच्या श्रेणीचा मूळ लेख १९४३ चा. त्यात एक जागा फार मोलाची आहे. खालची गरज शंभर टक्के भागल्यावरच वरची जागी होते, हा समज मॅस्लो स्वतःच खोडतात. समजण्यापुरते आकडे देतात: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या १० टक्के भागलेल्या असतात. सगळ्या एकाच वेळी, कमीअधिक. ध्येयासाठी सर्वस्व सोडणारेही त्यांनी अपवाद म्हणून नोंदवले. पुढे १९६० च्या सुमारास व्यवस्थापनाच्या लेखनातून त्रिकोण रूढ झाला आणि ही सगळी सैल वीण त्याच्या सरळ रेषांत आवळली गेली. १९७६ च्या एका मोठ्या आढाव्यात तर या ठरावीक उतरंडीला संशोधनाचा फारसा आधार मिळाला नाही.

साताऱ्याला हे नवीन वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे बोर्डिंग चालवायला घेतले. पोरे गरिबाघरची, सगळ्या जातींची. धान्य संपले की रयतेच्या दारात जायचे. तेही पुरेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. भाकरी, एका पंगतीचा आपलेपणा, ताठ मान आणि शिक्षण, हे तिथे एकाच छपराखाली, एकाच दिवसात चालले होते. पोट पुरते भरेपर्यंत पाटी थांबली नव्हती.

आता पाठ टाचण तपासताना मी प्रत्येक पट्ट्याशेजारी पेन्सिलीने ते आकडे लिहायला लावतो: ८५, ७०, ५०, ४०, १०.