साथ आली की मुंबईचं बजेट कसं हलतं: प्लेगपासून कोविडपर्यंतची पार्श्वभूमी

मुंबई महापालिकेचं २०२०-२१ चं बजेट ४ फेब्रुवारी २०२० ला मांडलं गेलं, ३३,४४१ कोटींचं, तेव्हा आयुक्त होते प्रवीण परदेशी. शहरात कोविडचे पहिले दोन पेशंट सापडले ११ मार्चला. म्हणजे बजेट मांडून पाच आठवडे झाले होते आणि ज्या वर्षाचं ते बजेट, ते वर्ष सुरू व्हायलाच अजून तीन आठवडे बाकी होते. त्यातले जमेचे सगळे आकडे हे बांधकामं सुरू आहेत, दुकानं उघडी आहेत, लोक घरपट्टी भरतायत असं धरून काढलेले. मग एप्रिलपासून यातलं काहीच सुरू नसताना पालिकेने पैसा आणला कुठून, खर्च कोणाच्या सहीने केला आणि नंतर हिशोब कोणी मागितला, हे तीन प्रश्न बहुतेकांना कोविडमुळे पडले असतील, पण या शहराला ते दीडशे वर्षांपासून पडतायत आणि उत्तरंही दर वेळी साधारण त्याच वळणाने गेलेली दिसतात.

सुरुवात करायची तर आर्थर क्रॉफर्डपासून करावी लागते. १८६५ च्या कायद्याने मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला तो हा. कॉलरा वगैरे साथी तेव्हा नेहमीच्याच होत्या, गटारं उघडी, पाणी अपुरं. क्रॉफर्डने रस्ते, गटारं, मंडई, साफसफाई यावर धडाक्याने खर्च केला आणि शहराची तब्येत त्याने खरंच सुधारली, पण पैसा हाताबाहेर गेला, कर भरणारे लोक चिडले आणि १८७१ मध्ये त्याला जावं लागलं. त्या भांडणातून १८७२ चा कायदा आला, ज्यात करदात्यांनी निवडून दिलेले सदस्य आणि आयुक्ताच्या खर्चावर लक्ष ठेवणारी छोटी समिती आली, आणि पुढे १८८८ च्या कायद्यात तिचीच स्थायी समिती झाली. हे मुद्दाम सांगतोय कारण आज आपण स्थायी समिती म्हटलं की टेंडर आणि राजकारण एवढंच आठवतो, पण बजेटवरचा लोकांचा लगाम मुळात आला तो आरोग्यावरच्या बेफाम खर्चानंतर. खर्च गरजेचा होता, विचारून केला नव्हता, एवढाच काय तो वाद.

आजही पालिका चालते ती याच १८८८ च्या कायद्यावर, अर्थात शेकडो दुरुस्त्यांसकट. ५ फेब्रुवारीच्या आत आयुक्तांनी बजेट स्थायी समितीला द्यायचं, समितीने तपासायचं, मग सभागृहाने मंजूर करायचं, आणि मुख्य म्हणजे बजेट तुटीचं चालत नाही, वर्षाअखेरीस शिल्लक दाखवावीच लागते. केंद्र सरकार तूट दाखवून कर्ज काढत राहू शकतं, पालिका नाही, तिला कर्जाला राज्याची परवानगी लागते. त्यामुळे साथीच्या वर्षात एका बाजूने जमा आटली की दुसऱ्या बाजूने काहीतरी कापावंच लागतं किंवा साठवलेलं मोडावं लागतं, तिसरा रस्ता नाही.

हे पहिल्यांदा जोरात कळलं ते प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६, मांडवी. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथे प्लेग ओळखला, आणि ते नुसते डॉक्टर नव्हते, पालिकेचे सदस्यही होते. तेव्हा शहराची वस्ती होती सव्वाआठ लाखांच्या आसपास (१८९१ ची जनगणना) आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातले लाखो लोक गावी निघून गेले. आता विचार करा, पालिकेचं उत्पन्न कशावर, तर घराच्या भाड्यावरून ठरणाऱ्या करावर, आणि घरंच रिकामी. दुसरीकडे खर्च बघा: गटारांमध्ये समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडणं चाललेलं, भिंतींना चुना फासणं चाललेलं, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढली जात होती, राहण्यालायक नाही अशा घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवली जात होती. या प्रत्येक गोष्टीला माणसं लागतात आणि त्यांची मजुरी लागते.

आणि तेव्हाच्या आयुक्ताला, पी. सी. एच. स्नोला, सगळ्यात मोठी धास्ती कसली होती तर सफाई कामगार शहर सोडून जातील याची. पेशंटला जबरदस्तीने हॉस्पिटलमध्ये नेण्याच्या हुकमावरून इतका संताप होता की हे लोक पळाले तर शहर महिनाभरही टिकणार नाही असं प्रशासनाला वाटत होतं, म्हणून ऑक्टोबर १८९६ मध्ये तो हुकूम सैल केला गेला. मला हा सगळ्यात महत्त्वाचा धागा वाटतो. साथीचं बजेट म्हटलं की आपण औषधं, खाटा, मशीन डोळ्यासमोर आणतो, पण पालिकेच्या खर्चाचा मोठा वाटा कायमच पगार-मजुरी-पेन्शनचा असतो आणि साथीत तर तो कापताच येत नाही, उलट वाढवावा लागतो. २०२० च्या मार्चमध्येही पालिकेने कामावर येणाऱ्या कर्मचाऱ्यांना रोज ३०० रुपये भत्ता जाहीर केला तो काही उगाच नाही, लोकल बंद असताना वसई-विरार नाहीतर कल्याणहून झाडू मारायला येणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार होते.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. याची चर्चा नेहमी सक्ती, झडत्या, विलगीकरण याभोवती होते आणि ती व्हायलाच हवी, पण त्याच्या दुसऱ्या कलमात पैशाबद्दल एक ओळ आहे तिच्याकडे फार कोणी बघत नाही. सरकार साथीसाठी जे काही उपाय करेल त्याचा खर्च, नुकसानभरपाईसकट, कोणी आणि कसा सोसायचा हेही सरकारच ठरवेल, असं ती ओळ सांगते. म्हणजे हुकूम एकाचा आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, असं कायद्यानेच शक्य करून ठेवलं. महिन्याभरात जनरल गॅटेकरच्या हाताखाली प्लेग कमिटी आली आणि निवडून आलेल्या पालिकेच्या हातातून प्लेगचं काम बरंचसं गेलं.

प्लेगमधून दुसरी गोष्ट निघाली ती १८९८ ची बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दाट वस्तीत हवा खेळती नाही म्हणून रोग पसरतो असा तेव्हाचा समज (उंदीर-पिसवांचं शास्त्र तेव्हा नुकतं कुठे पुढे येत होतं), मग वस्त्या फोडा, रुंद रस्ते काढा. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे दादर-माटुंग्याची आखीव वसाहत, हे सगळं त्यातलं. पैसा उभा केला कर्जातून, सरकारने दिलेल्या जमिनींमधून आणि पालिकेच्या दरवर्षीच्या हिश्श्यातून. रस्ते झाले, पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या गरिबांसाठी त्या मानाने घरं फार कमी आणि फार उशिरा झाली, ते लोक शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहायला गेले. साथीच्या नावाने काढलेला पैसा शेवटी रस्ते आणि जमिनीत जास्त गेला. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाली आणि त्या वारशाने पालिकेच्या हिशोबात सुधार योजनांचं 'ब' बजेट वेगळं राहिलं, 'अ' म्हणजे सर्वसाधारण, 'ई' शिक्षण, 'ग' पाणी आणि मलनिःसारण. म्हणजे प्लेगला स्वतःचं खातं मिळालं, नाव फक्त सुधार योजना.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला तसं काही मिळालं नाही. जूनमध्ये बंदराच्या बाजूने आला, सप्टेंबरमध्ये परत आला आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेली. पाऊस पडलेला नव्हता, युद्धामुळे महागाई होती. साथ इतक्या वेगाने आली आणि ओसरली की पालिकेला नवी तरतूद करून काम उभं करायला वेळच मिळाला नाही, स्वयंसेवी संस्थांनी खूप भार उचलला. मात्र त्यानंतरच्या काही वर्षांत पालिकेने हॉस्पिटलांवर मोठा पैसा घातला, केईएम १९२६ मध्ये सुरू झालं. कस्तुरबा तर त्याच्याही आधीचं, १८९२ चं आर्थर रोडचं साथरोग हॉस्पिटल, जिथे प्लेगचेही पेशंट होते आणि २०२० मधले कोविडचे सुरुवातीचे पेशंटही तिथेच ठेवले गेले. शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी केलेली एक तरतूद अजून कामाला येते हे बघून बरं वाटतं.

आता मधला मोठा टप्पा सोडून २०१७ वर येतो, कारण कोविडचं बजेट समजायला तेच लागतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. जकात म्हणजे रोजचा रोख पैसा, नाक्यावर जमा होणारा आणि पालिकेच्या स्वतःच्या हातातला. त्याच्या बदल्यात राज्याकडून दर महिन्याला भरपाई येते, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. आपल्या पालिकांनी यावर खूप नाराजी दाखवली होती, स्वायत्तता गेली म्हणून, आणि ती नाराजी रास्तच होती, पण टाळेबंदीत उलटंच झालं. जकात असती तर माल बंद म्हणजे जमा बंद, भरपाई मात्र येत राहिली आणि तीच सगळ्यात खात्रीची आवक ठरली.

बाकीचे दोन खांब मात्र वाकले. मालमत्ता कराचा २०२०-२१ चा अंदाज होता ६,७६८ कोटींचा, सुधारित अंदाजात तो ४,५०० कोटींवर आणला. बांधकाम परवानग्यांतून येणारा पैसा, म्हणजे विकास नियोजन खात्याचं उत्पन्न, ३,८७९ कोटी धरलेलं, ते १,२०० कोटींवर आलं. एकूण महसुली उत्पन्न २८,४४८ कोटींवरून २२,५७२ कोटी. दर पाच वर्षांनी होणारी भांडवली मूल्याची (ज्यावर घरपट्टी ठरते त्या किमतीची) फेररचनाही २०२० मध्ये पुढे ढकलली, जे माझ्या मते बरोबरच केलं, पगार कापले जात असताना घरपट्टी वाढवून चाललं नसतं.

आणि खर्च? गोरेगावचं नेस्को, बीकेसीचं मैदान, वरळीचा डोम, मुलुंड, दहिसर इथे जंबो सेंटर (कोविडसाठी उभारलेली मोठी तात्पुरती हॉस्पिटलं), २४ वॉर्डांमध्ये वॉर रूम. यासाठी १७ मार्च २०२० ला स्थायी समितीने प्रशासनाला कोविडचा खर्च आधी करून नंतर प्रस्ताव आणायची मोकळीक दिली. एरवी खरेदीचा रस्ता कसा असतो तर खात्याकडून मागणी, अंदाजपत्रक, टेंडर, छाननी, मग समितीपुढे प्रस्ताव, यात सहज काही महिने जातात. साथीत तेवढा वेळ नाही म्हणून तातडीच्या कलमाखाली थेट खरेदी, मग कागद मागाहून समितीपुढे, 'कार्योत्तर', म्हणजे काम झाल्यानंतरच्या, मंजुरीसाठी. पैसा आधी आकस्मिकता निधीतून, तो कमी पडला की दुसऱ्या लेखाशीर्षातली (बजेटमधल्या दुसऱ्या खात्यातली) तरतूद इकडे वर्ग करायची. ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागानेही तोच मार्ग धरला होता, विकासकामांना ३३ टक्केच निधी, नवी कामं बंद, आरोग्य वगैरे मोजकी खाती सोडून भरती बंद.

मुंबईकडे एक गोष्ट होती जी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याच पालिकेकडे त्या प्रमाणात नव्हती: ७५ हजार कोटींच्या पुढच्या मुदतठेवी. त्यातला बराच भाग भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, ठेकेदारांच्या अनामत रकमा असा बांधलेला असतो, सगळा मोकळा नसतो, तरी त्या आधारावर पालिका उभी राहिली. छोट्या पालिकांना पगाराची तारीख सांभाळतानाच दम लागला, त्यांनी राज्याकडे आणि केंद्राकडे हात पसरले.

३ फेब्रुवारी २०२१ ला इक्बालसिंह चहल यांनी पुढचं बजेट मांडलं ते ३९,०३८ कोटींचं, म्हणजे जमा कोसळलेल्या वर्षानंतर आकारमान वाढलेलं. आरोग्याला ४,७२८ कोटी, साधारण १२ टक्के, आदल्या वर्षी ४,२६० कोटी होते. वाढ झाली, पण साथ ऐन भरात असताना एवढीच झाली हेही बघायला हवं. भांडवली खर्च, म्हणजे रस्त्यांसारख्या मोठ्या बांधकामांवरचा, १८,७५० कोटी, एकट्या कोस्टल रोडला २,००० कोटी. इथे मला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

जमा परत उभी राहिली तीही बांधकामातूनच. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने बिल्डरांना प्रीमियममध्ये, म्हणजे बांधकाम परवानगीसाठी भरायच्या शुल्कात, ५० टक्के सूट दिली, डिसेंबरअखेरपर्यंत, आणि सूट आहे तोवर भरून टाका म्हणून सगळ्यांनी एकदम पैसे भरले. २,००० कोटी धरलेलं विकास नियोजनाचं उत्पन्न १४,७५० कोटींवर गेलं. त्या वर्षी तिजोरी भरली हे खरं, पण पुढच्या वर्षांत येणारा पैसा काही अंशी आधीच आला, आणि घर-जमिनीच्या बाजारावर असलेलं पालिकेचं अवलंबन आणखी पक्कं झालं, जे पुढच्या साथीत पहिल्यांदा बसणार तेच.

राहिला हिशोब. पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, निवडणूक वेळेत झाली नाही, आयुक्तच प्रशासक झाले आणि २०२३-२४ चं बजेट प्रशासकाने प्रशासकालाच सादर केलं, १९८५ नंतर पहिल्यांदा असं झालं. दरम्यान राज्याने कॅगला (सरकारी हिशोब तपासणाऱ्या देशाच्या महालेखापरीक्षकांना) पालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांची विशेष तपासणी करायला सांगितलं, अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आला, पण कोविडची ३,५३८ कोटींची कामं त्यात तपासलीच गेली नाहीत, कारण साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन पालिकेने ती तपासणीला दिली नाहीत. तो साथरोग कायदा म्हणजे तोच, १८९७ चा.