ग्रीन टीमधील कॅटेचिने व त्यांचे आरोग्यावरील परिणाम

कॅटेचिने ही चहाच्या पानातील पॉलिफेनॉल गटातली संयुगे. ग्रीन टीचे जे गुण सांगितले जातात, त्यांतले बहुतेक यांच्याच नावावर जमा होतात. त्यांतील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट (ईजीसीजी) हे प्रमाणाने सर्वांत जास्त आणि अभ्यासलेही सर्वांत जास्त गेलेले. चहाच्या पानातून कॅटेचिन प्रथम वेगळे केले ते मिचियो त्सुजिमुरा या जपानी संशोधिकेने, १९२९ मध्ये.

काळा चहा आणि ग्रीन टी ही कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाची पाने. काळ्या चहासाठी ती चुरडून हवेत ठेवतात. पानातलेच विकर (एन्झाइम) कॅटेचिनांचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून थिॲफ्लेविने आणि थिॲरुबिजिने तयार होतात आणि चहाला लालसर रंग व कडकपणा येतो. ग्रीन टीसाठी पान खुडल्यावर लवकरच वाफवतात (जपानी पद्धत) किंवा तापल्या कढईत परततात (चिनी पद्धत). विकर तिथेच निकामी होते आणि कॅटेचिने टिकतात. कोल्हापुरात परसात लावला जाणारा गवती चहा हे वेगळ्याच कुळातले सुगंधी गवत आहे. त्याचा काढा हिरवट दिसला तरी ही नोंद त्याला लागू नाही.

कोल्हापूर आणि चहा हा संबंध तसा जुना. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात त्यांनी घेतलेला चहा सामाजिक इतिहासात नोंदला गेला आहे. आज मात्र शहराची आवड म्हशीच्या दुधात उकळून दाट केलेल्या चहाची, नाहीतर गुळाच्या चहाची. ग्रीन टी भेटते ती रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या घरी आणि जिमला जाणाऱ्या पोरांच्या बाटलीत.

परीक्षानळीत कॅटेचिने मुक्त मूलकांना (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना) झटकन निष्प्रभ करतात. ‘अँटिऑक्सिडंट’ ही कीर्ती तिथून आली. शरीरात गणित बदलते. प्यायलेल्या कॅटेचिनांचा थोडाच भाग रक्तात पोचतो, उरलेला मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, आणि रक्तातले प्रमाण तास-दोन तासांत चढून काही तासांत उतरते. एवढ्याशा मात्रेत ती थेट मुक्त मूलके टिपत बसतात, हे पटण्यासारखे नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आणि पेशींच्या विकरांवर होणारा परिणाम जास्त महत्त्वाचा असावा, असे आता मानले जाते. अँटिऑक्सिडंट म्हणजे हितकारकच, हा समज तर १९९४ मध्येच डळमळला. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, वाढला.

माणसांवरील पुराव्यात जपानच्या ओसाकी भागातील पाहणीचा दाखला नेहमी देतात. ४०,५३० प्रौढांच्या या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत, एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, एकूण मृत्यूंचे प्रमाण पुरुषांत १२ व स्त्रियांत २३ टक्के कमी आढळले. फरक मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत होता. कर्करोगाच्या मृत्यूंत दिसला नाही. पण ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हे. शिवाय ते लोक बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पितात आणि त्यांचे जेवणही वेगळे. तांबडा-पांढरा ओरपून वर एक कप घेतला की हिशेब फिटला, असे त्यातून निघत नाही. प्रत्यक्ष चाचण्यांत ‘वाईट’ कोलेस्टेरॉल (एलडीएल) घटते, पण डेसिलिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करण्याइतके ते नाही. वजनाबाबत २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) लक्षणीय घट आढळली नाही, आणि तरीही पाकिटावर सपाट पोटाचे चित्र असतेच.

तोट्यांपैकी इथल्या घरांत सर्वांत दुर्लक्षित आहे तो लोहाचा. पॉलिफेनॉले वनस्पतिजन्य लोहाला बांधून ठेवतात आणि आतड्यातून त्याचे शोषण घटते. मटणातल्या लोहावर परिणाम कमी होतो. भाकरी, उसळ, मेथी-पोकळ्यातल्या लोहावर जास्त. त्यामुळे जेवण पचावे म्हणून पान वाढलेले असतानाच ग्रीन टी घेण्याची सवय रक्त कमी असलेल्या बाईला महागात पडते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर पुरते. गुळाच्या चहातून लोह मिळते या समजालाही हाच रासायनिक अडथळा आहे, कारण काळ्या चहातही पॉलिफेनॉले असतातच.

कपभर ग्रीन टीत साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी असते आणि ते बहुतेकांना निर्धोक आहे. धोका कपात नाही, अर्काच्या कॅप्सूलमध्ये आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास रक्तातली यकृताची विकरे वाढत असल्याचे, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण, नोंदवले. उपाशीपोटी अर्क घेतला की शोषण वाढते, आणि चरबी ‘जाळण्या’साठी पोरे तो नेमका उपाशीपोटी घेतात. रक्तदाबावरील नॅडोलॉल या औषधाचे शोषण ग्रीन टीने घटते. वॉरफॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पिण्याचे प्रमाण एकाएकी वाढवू नये.

पाणी उकळून गॅस बंद करावा, दोन-तीन मिनिटांनी पाने टाकून तेवढाच वेळ झाकावे. दुधाच्या चहासारखी खळखळ उकळी दिली तर कॅटेचिने जास्त उतरतात, पण कडू इतके होते की मग साखर घालावी लागते. लिंबू पिळल्यास रंग फिका पडतो आणि आम्लतेमुळे कॅटेचिने आतड्यात जास्त टिकतात. दुधातले केसीन हे प्रथिन त्यांना चिकटते. त्याने फायदा किती घटतो यावर अभ्यासांत एकमत नाही. पाकीट फोडल्यावर हवाबंद डब्यात ठेवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमट हवेत उघडे राहिलेले पान तपकिरी पडते, त्याचा वास जातो आणि कॅटेचिनेही घटत जातात.