कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात लाकडी कातकाम शिकण्यासाठी प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

लेथवर लाकूड कातून वाडगे, लाटणी, टेबलाचे पाय किंवा भोवरे घडवण्याचे काम रीतसर शिकायचे असेल, तर कॅलिफोर्नियात त्यासाठी सर्वांत परवडणारी जागा बहुधा सरकारी कम्युनिटी कॉलेज हीच असते. राज्यात अशी ११६ कॉलेजे असून ती ७३ मंडळांच्या अखत्यारीत चालतात. लाकूडकामाची कार्यशाळा सगळीकडे नाही. जिथे आहे तिथली यंत्रसामग्री मात्र घरच्या गॅरेजमध्ये उभी करायची म्हटले तर खिशाला झेपणार नाही इतकी असते. सॅन मार्कोस येथील पालोमार कॉलेज, नॉरवॉक येथील सेरिटोस कॉलेज आणि ओकलंडचे लेनी कॉलेज यांचे लाकूडकाम विभाग या क्षेत्रात परिचित आहेत. कातकामाचा वर्ग प्रत्येक सत्रात असेलच असे नाही, म्हणून अर्जाआधी त्या सत्राचे वेळापत्रक पाहावे. बे एरिया, सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, तसेच त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना लागू पडणारे नियम येथे एकत्र दिले आहेत. फीची रक्कम आणि रहिवासाचे नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. अन्य राज्यांत ते निराळे असतात.

वर्ग कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहावे

एकाच कॉलेजात कातकामाचा वर्ग तीन निरनिराळ्या प्रकारांनी चालू शकतो आणि फी, कागदपत्रे, व्हिसाची अट, पुढच्या सत्रात पुन्हा बसता येईल की नाही, हे सारे त्या प्रकारावरच ठरते. अनेकजण वर्गाचे नाव आणि वेळ पाहून थेट अर्ज भरतात आणि मग फीचा आकडा पाहून चकित होतात. तसे होऊ नये म्हणून ही निवड सर्वांत आधी करावी.

पहिला प्रकार क्रेडिट वर्गाचा. यात युनिट (अभ्यास मोजण्याचे एकक) मिळतात, गुण नोंदले जातात आणि राज्याच्या रहिवाशांना प्रतियुनिट ४६ डॉलर फी पडते. हा दर २०१२ च्या उन्हाळी सत्रापासून लागू आहे. तीन युनिटांच्या वर्गासाठी म्हणजे १३८ डॉलर होतात. कार्यशाळेतील एका युनिटामागे सत्रभरात साधारण ४८ ते ५४ तास प्रत्यक्ष काम अपेक्षित असते, त्यामुळे तासांच्या हिशेबाने खाजगी कार्यशाळेच्या तुलनेत हा सौदा फारच स्वस्त आहे. जे राज्याचे रहिवासी ठरत नाहीत त्यांना मात्र याशिवाय अनिवासी शिक्षणशुल्क द्यावे लागते. ते प्रत्येक मंडळ दरवर्षी स्वतः ठरवते आणि ते प्रतियुनिट काही शेकडो डॉलरच्या घरात जाते.

दुसरा प्रकार नॉनक्रेडिट. यात युनिट नसतात आणि वर्गाची फीही नसते. या प्रकारात कोणते विषय शिकवता येतील हे राज्याने ठरवून दिले आहे. अल्पमुदतीचे व्यावसायिक शिक्षण आणि वयस्कांसाठीचे वर्ग त्यात बसतात, म्हणून लाकूडकाम कधी या तर कधी त्या नावाखाली आढळते. तिसरा प्रकार कम्युनिटी एज्युकेशन किंवा कम्युनिटी सर्व्हिसेस या नावाने चालतो. हे शनिवार-रविवारचे किंवा काही संध्याकाळांचे छंदवर्ग असतात. त्यांना राज्याचे अनुदान नसते, सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतूनच निघतो, आणि म्हणून रहिवासी-अनिवासी असा भेद त्यात सहसा नसतो.

पुन्हा तोच वर्ग घेण्याबाबतचा नियम छंद म्हणून येणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. क्रेडिट वर्गात सी किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाली की सर्वसाधारणपणे तो वर्ग पुन्हा घेता येत नाही. पूर्वी निवृत्त मंडळी वर्षानुवर्षे त्याच वर्गात नाव घालून कॉलेजच्या लेथवर काम करीत असत. २०१२-१३ च्या सुमारास नियम कडक झाल्यापासून ती सोय संपली. त्यामुळे अनेक कॉलेजांनी एका वर्गाचे पहिली, दुसरी अशा पायऱ्यांचे वर्ग केले आहेत. ज्यांना दोन-तीन वर्षे सातत्याने कातकाम करायचे आहे, त्यांनी अशा पायऱ्या असलेले कॉलेज निवडावे किंवा नॉनक्रेडिट वर्ग असल्यास त्यास प्राधान्य द्यावे, कारण तो पुन्हा पुन्हा घेता येतो. काही कॉलेजे श्रेणीविना वर्गात बसण्याची, म्हणजे ऑडिटची परवानगी देतात. त्यासाठी कायद्याने प्रतियुनिट १५ डॉलरपेक्षा अधिक फी घेता येत नाही, मात्र जागा आधी नियमित विद्यार्थ्यांना मिळते.

पात्रता

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. माध्यमिक शिक्षण पूर्ण झाले असल्यास त्याहून लहान वयातही प्रवेश मिळतो. प्रवेशपरीक्षा नाही आणि टक्केवारीची अटही नाही. महाराष्ट्रातील दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांचे मूल्यमापन करून आणण्याची गरज केवळ कातकामाच्या एका वर्गासाठी पडत नाही. अर्जात शिक्षणाच्या रकान्यात परदेशातील माध्यमिक प्रमाणपत्राचा पर्याय असतो, तो निवडावा. शाळेत शिकणाऱ्या मुलांना मुख्याध्यापकांची शिफारस आणि पालकांची संमती जोडून विशेष विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळू शकतो, मात्र यंत्रांच्या वर्गाबाबत संबंधित विभागाला आधी विचारलेले बरे.

काही विभाग कातकामाच्या आधी लाकूडकामाचा प्राथमिक वर्ग किंवा यंत्रसुरक्षेची चाचणी पूर्ण झालेली असावी, अशी पूर्वअट घालतात. भारतात सुतारकाम केलेले असल्यास किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र असल्यास पूर्वअट आव्हानित करण्याचा, म्हणजे ती आपल्याला लागू करू नये असा अर्ज करता येतो. त्यासोबत प्रमाणपत्राचे इंग्रजी भाषांतर आणि स्वतः केलेल्या कामाची छायाचित्रे जोडल्यास विभागाला निर्णय करणे सोपे जाते.

व्हिसा आणि रहिवास

फीच्या दृष्टीने सर्वांत अधिक घोळ होतो तो येथेच. राज्याचा रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष वास्तव्य झालेले असावे लागते, आणि येथेच स्थायिक राहण्याचा हेतू कागदोपत्री दिसावा लागतो. सत्र २५ ऑगस्टला सुरू होत असेल, तर मोजणी २४ ऑगस्टला थांबते. म्हणजे गेल्या वर्षीच्या २३ ऑगस्टला किंवा त्याआधी आपण राज्यात राहायला आलेले असायला हवे. दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्याप्रमाणेच एच-१बी व एल-१ (नोकरीचे व्हिसा) आणि एच-४ व एल-२ (त्यांच्या कुटुंबीयांचे व्हिसा) धारकांनाही या नियमाने रहिवासी ठरता येते. अनिवासी फी आपल्याला लागणारच असे समजून कित्येक एच-४ धारक अर्जच करीत नाहीत, ते चुकीचे आहे. एफ-१ (विद्यार्थी) आणि बी-२ (पर्यटक) व्हिसाधारकांना मात्र रहिवासी ठरता येत नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर काढलेला काळ पुढे व्हिसा बदलल्यावरही या एका वर्षात धरला जात नाही. कॅलिफोर्नियातील शाळांत तीन वर्षे शिकून तेथूनच माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्यांना एबी ५४० या कायद्याखाली अनिवासी शुल्कातून सूट मिळते, परंतु बहुतेक तात्पुरत्या व्हिसाधारकांना त्या सवलतीचा लाभ घेता येत नाही.

बी-२ व्हिसावर आलेल्या आईवडिलांविषयी नियम स्पष्ट आहे. या व्हिसावर असताना अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. पदवीच्या दृष्टीने क्रेडिट न देणारा, अल्प मुदतीचा, करमणुकीचा वर्ग तेवढा चालतो. त्यामुळे त्यांच्यासाठी कम्युनिटी एज्युकेशनमधील एक-दोन दिवसांचा किंवा थोड्या संध्याकाळांचा कातवर्ग हाच सुरक्षित मार्ग आहे. फी भरायला आपण तयार आहोत एवढ्याने क्रेडिट वर्ग मोकळा होत नाही. तसे करणे व्हिसाच्या अटींचा भंग ठरून पुढच्या भेटीच्या वेळी अडचण येऊ शकते.

कागदपत्रे

ओळखीसाठी पासपोर्ट आणि व्हिसा, आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत, आणि एच किंवा एल व्हिसाधारकांना आय-७९७ ही मंजुरीची सूचना लागते. ग्रीन कार्ड असल्यास त्याची दोन्ही बाजूंची प्रत पुरते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी अर्ज अडत नाही. अनेक एच-४ धारकांकडे तो नसतो, पण कर भरण्यासाठी घेतलेला आयटीआयएन असल्यास तो देता येतो.

रहिवासाच्या पुराव्यात राज्याचा ड्रायव्हिंग लायसन्स, राज्य प्राप्तिकराचा भरलेला फॉर्म ५४०, वाहननोंदणी, घराचा भाडेकरार, वीज-पाण्याची बिले आणि बँकेची विवरणे यांचा समावेश होतो. येथे एक गोष्ट प्रत्यक्षात फार नडते. भाडेकरार, वीजबिल आणि गाडी हे सारे पतीच्या नावावर असते, पत्नीला नोकरी नसल्याने पगाराचा कागद नसतो, आणि मग वर्षानुवर्षे राज्यात राहूनही तिच्या नावाचा एकही पुरावा घरात सापडत नाही. पती रहिवासी ठरला म्हणून पत्नी आपोआप ठरत नाही. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा रहिवास स्वतंत्रपणे पाहिला जातो. म्हणून पत्नीच्या नावाचा लायसन्स, दोघांची नावे असलेला भाडेकरार आणि संयुक्तपणे भरलेले राज्य कराचे विवरण ही तीन कागदपत्रे वर्षभर आधीपासून तयार ठेवावीत. एकदा अनिवासी अशी नोंद झाल्यावर ती बदलण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्या वेळी आर्थिक स्वावलंबनाचीही चौकशी होते, म्हणून पहिल्याच अर्जात पुरावे पूर्ण असावेत.

दुसरी अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र दिलेल्या नावाच्या रकान्यात छापलेले असते, तर लायसन्सवर मधले नाव गाळलेले किंवा आद्याक्षरापुरते उरलेले असते. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरावे आणि इतर कागदांवर फरक असल्यास पुरावे देताना तो स्वतःहून नमूद करावा.

अर्ज आणि नोंदणी

क्रेडिट वर्गासाठीचा अर्ज सीसीसीअप्लाय या राज्यव्यापी संकेतस्थळावरून विनामूल्य भरायचा असतो. आधी खाते उघडावे लागते, मग कॉलेज आणि सत्र निवडून वैयक्तिक माहिती, शिक्षण, नागरिकत्व किंवा व्हिसा आणि गेल्या दोन वर्षांतील वास्तव्य यांविषयीची माहिती भरावी लागते. रहिवासाचा प्राथमिक निर्णय याच उत्तरांवरून होतो, म्हणून राज्यात आल्याची तारीख अंदाजाने लिहू नये. आर्थिक मदतीसाठी खोट्या नावांनी अर्ज येण्याचे प्रमाण वाढल्यापासून ओळखपडताळणी कडक झाली आहे. पडताळणीचा ईमेल स्पॅममध्ये गेला आणि उत्तर दिले गेले नाही, तर अर्ज तसाच पडून राहतो. कम्युनिटी एज्युकेशनसाठी हा अर्ज लागत नाही, त्या विभागाच्या पानावर थेट नाव नोंदवून फी भरली की काम होते.

अर्ज मंजूर झाल्यावर विद्यार्थी क्रमांक येतो. त्यानंतर नोंदणीची तारीख मिळते. ओरिएंटेशन (कॉलेजची ओळख करून देणारे सत्र) आणि शैक्षणिक आराखडा पूर्ण केलेल्या नव्या विद्यार्थ्यांना ती लवकरची मिळते. एकाच वर्गासाठी आराखडा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण कातकामाच्या वर्गात लेथ जितके तितक्याच जागा असतात आणि त्या लवकर भरतात, म्हणून हा सोपस्कार उरकून घेणेच श्रेयस्कर. जागा भरल्या असल्यास प्रतीक्षायादीत नाव घालावे आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावे. नोंदणी केलेले विद्यार्थी आले नाहीत तर शिक्षक त्यांची नावे काढून उपस्थितांना प्रवेशाचा कोड देतात. हाच नियम उलटही लागू होतो: जागा मिळालेली असून पहिला दिवस बुडवला, तर ती हातची जाऊ शकते.

फी वेळेत न भरल्यास अनेक कॉलेजे नाव काढून टाकतात. युनिटांच्या फीशिवाय आरोग्यशुल्क, वाहनतळाचे शुल्क आणि घरी नेता येणाऱ्या लाकडासाठी साहित्यशुल्क लागू शकते. उत्पन्न कमी असलेल्या रहिवाशांनी कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटसाठी अर्ज करावा. मंजूर झाल्यास प्रतियुनिट ४६ डॉलरची फी माफ होते, मात्र इतर शुल्के राहतात.

पहिल्या दिवसासाठी

जिथे लाकूड वा अन्य घन पदार्थ कापणे, कातणे, घासणे चालते, अशा वर्गात डोळ्यांचे संरक्षण वापरणे राज्याच्या शिक्षण कायद्यानेच सक्तीचे केले आहे. साध्या चष्म्याने ते भागत नाही. झेड८७ असा शिक्का असलेला संरक्षक चष्मा घ्यावा. वाडगा कातताना लाकूड फुटून उडण्याचा धोका असल्याने लेथवर चेहरा पूर्ण झाकणारी पारदर्शक ढालही बहुधा लागते. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, ओढणी आणि सैल बाह्या यांतले काहीही फिरत्या लेथजवळ चालत नाही. केस बांधलेले आणि पायात बंद बूट असावेत. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते शर्टाच्या आत घालून चालेल का, असा प्रश्न काही जणी विचारतात. त्याचे उत्तर कार्यशाळेचे नियम आणि शिक्षक यांवर अवलंबून असले तरी ते घरीच ठेवून जाणे अधिक शहाणपणाचे आहे. गाउज, पार्टिंग टूल यांसारखी हत्यारे स्वतःची आणावीत की कॉलेजची मिळतील, हे अभ्यासपत्रिकेत दिलेले असते. ती वाचण्याआधी महागडा संच खरेदी करू नये.

वर्ग जमणार नाही असे दिसल्यास नाव स्वतः काढावे लागते, नुसते जाणे थांबवून भागत नाही. पूर्ण सत्राच्या वर्गात पहिल्या दोन आठवड्यांत नाव काढल्यास फी परत मिळते. त्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत नाव काढता येते, पण गुणपत्रिकेवर डब्ल्यू (वर्ग सोडल्याची खूण) अशी नोंद राहते आणि फी परत मिळत नाही. त्या मुदतीनंतरही नाव तसेच राहिले तर अनुत्तीर्ण श्रेणी लागू शकते. अल्पमुदतीच्या वर्गांत या मुदती काही दिवसांवरच येतात, म्हणून नोंदणी होताच आपल्या वर्गाच्या तारखा विद्यार्थी पोर्टलवरून उतरवून घ्याव्यात.