दोनदा ओळख सांगणारा कॅमेरा

पावसाळा संपल्यावर दुर्बिणीला लावायचा जुना सीसीडी (प्रकाश टिपणारा संवेदक) असलेला कॅमेरा कपाटातून काढावा, लॅपटॉपला जोडावा आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' एवढीच ओळ उमटावी, हा अनुभव हौशी आकाशनिरीक्षकांना नवा नाही. माझ्याकडच्या २००६ च्या सुमाराच्या कॅमेऱ्याने गेल्या ऑक्टोबरात, नवा लॅपटॉप घेतल्यावर, असाच असहकार पुकारला. तो कामातून गेला असे धरून मी त्याला जवळजवळ मोडीत काढणार होतो. प्रत्यक्षात त्याला काहीही झालेले नव्हते. 'ओळखत नाही' या दोन शब्दांमागे अगदी वेगवेगळ्या जागचे बिघाड असू शकतात, आणि ते वेगळे काढायचे असतील तर केबल जोडल्यापासूनच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत संगणक आणि कॅमेरा यांच्यात काय बोलणे होते, हे ठाऊक असावे लागते.

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. एका तारेतून ५ व्होल्टचा वीजपुरवठा येतो, दुसरी ग्राउंडची असते आणि उरलेल्या दोन माहितीच्या असतात. कॅमेऱ्याला वीज मिळाली की त्यातील चिप माहितीच्या तारांपैकी डी-प्लस नावाची तार १.५ किलोओहमच्या रोधामार्फत ३.३ व्होल्टपर्यंत वर ओढते, आणि वर्गात एखाद्या मुलाने हात वर करावा तसे एवढ्यावरूनच कोणीतरी आले असल्याचे संगणकाला समजते. मग तो त्या पोर्टला रीसेट देतो, आलेल्या पाहुण्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता बहाल करतो आणि त्याच्याकडे १८ बाइटचे एक ओळखपत्र मागतो, ज्याला तंत्रज्ञ 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर' म्हणतात. या ओळखपत्रातील दोन संख्या आपल्या कामाच्या आहेत: उत्पादकाची व्हेंडर आयडी आणि त्या उपकरणाची प्रॉडक्ट आयडी. दोन्ही हेक्साडेसिमल पद्धतीने, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ ही चिन्हे वापरून, चार-चार अंकांत लिहिल्या जातात. या जोडीवरूनच संगणक आपल्याकडच्या यादीत ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा कार्यक्रम, शोधतो. समोर खगोल-कॅमेरा आहे की शिवणयंत्र, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

म्हणून पहिली तपासणी या दोन संख्यांची करावी. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून संशयित उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हार्डवेअर आयडीज' पाहिल्या की त्या दिसतात आणि लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही एकच आज्ञा पुरते. विंडोजमध्ये व्हेंडर ०००० आणि प्रॉडक्ट ०००२ असे दिसत असेल, तर ते कोणत्याही कंपनीचे क्रमांक नसून ओळखपत्र वाचताच आले नाही अशी विंडोजने स्वतःच घातलेली खूण आहे. या अवस्थेत ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्याने काहीही साधत नाही, कारण बोलणे ड्रायव्हरपर्यंत पोहोचलेलेच नसते; तरीही बहुतेक लोकांच्या संध्याकाळी नेमक्या याच कामात जातात. यादीत काहीच उमटत नसेल, तर हातच वर झालेला नाही, म्हणजे वीज पोहोचत नाही किंवा तार तुटली आहे, असे समजावे.

या दोन्ही अवस्थांत संशय प्रथम केबलवर घ्यावा, आणि तो बहुधा खरा ठरतो. यूएसबी २.० च्या केबलची कमाल लांबी ५ मीटर मानली जाते, आणि दुर्बिणीपासून टेबलापर्यंत पोहोचण्यासाठी आपण नेमकी तेवढीच लांब, शिवाय स्वस्तातली केबल घेतो. अशा केबलमधील वीजपुरवठ्याच्या तारा अनेकदा २८ गेजच्या असतात. त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाऊन परत यायची असल्यामुळे एकूण वाट १० मीटरची होते आणि रोध २.१ ओहमच्या आसपास जातो. कॅमेरा ४०० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह ओढत असेल तर सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी ५ ऐवजी जेमतेम ४.१५ व्होल्ट उरतात, जेव्हा उपकरणाला साधारण ४.४ व्होल्ट तरी मिळावेत अशी मानकाची अपेक्षा आहे. हीच केबल २४ गेजच्या तारांची असती (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) तर तूट ०.३५ व्होल्टच्या आत राहिली असती. कॅमेरा ओळखला जातो, पण चित्र उतरवताना मध्येच गळून पडतो, या तक्रारीमागेही पुष्कळदा हेच गणित असते. यूएसबीचा छोटा व्होल्टमीटर फार महाग नसतो. तो केबलच्या कॅमेऱ्याकडील टोकाला लावून पाहावा, संगणकाकडील टोकाला लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने कॅमेरा बंद पेटीत दमट हवेत पडून असतो, ही गोष्टही विसरू नये. सॉकेटमधील पातळ मुलामा झिजलेला असेल तर त्याखालच्या धातूवर हिरवट पुटे चढतात, जी भिंगातून पाहिल्यास सहज दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने ती पुसावीत आणि पूर्ण वाळल्यावरच केबल जोडावी. थंड करण्याची सोय असलेल्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि त्यांपैकी काही तो मिळाल्याशिवाय यूएसबीवर तोंडच उघडत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

आता जुन्या खगोल-कॅमेऱ्यांच्या खास स्वभावाकडे वळू. २००० नंतरच्या दशकात अशा अनेक कॅमेऱ्यांत सायप्रेस कंपनीची 'ईझी-यूएसबी एफएक्स२' ही चिप वापरली गेली. तिच्यात ८०५१ जातीचा एक छोटा प्रोसेसर आहे, परंतु त्याने काय करायचे ते सांगणारा कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, पुष्कळ उत्पादकांनी कॅमेऱ्यात कायमचा साठवलाच नाही. चिपची स्मृती वीज गेली की पुसली जाते, त्यामुळे प्रत्येक जोडणीच्या वेळी कॅमेरा कोऱ्या पाटीने येतो. तो आधी एक तात्पुरती ओळख सांगतो. ती ओळखणारा पहिला ड्रायव्हर संगणकाच्या डिस्कवरील फर्मवेअर त्याच्या स्मृतीत उतरवतो. मग कॅमेरा केबल न हलवता विजेच्या पातळीवर स्वतःला तोडतो आणि पुन्हा जोडून घेत नवीन ओळख सांगतो. या दुसऱ्या ओळखीसाठी दुसरा ड्रायव्हर लागतो. सायप्रेसने या प्रकाराला 'रीन्यूमरेशन' असे नाव दिले आहे. मीड कंपनीचा 'डीप स्काय इमेजर' हा त्याचा नमुना घेता येईल: तो आधी १५६सी:०१०० (आधी व्हेंडर, मग प्रॉडक्ट) या क्रमांकाने येतो आणि फर्मवेअर मिळाल्यावर १५६सी:०१०१ होतो.

हे सगळे कानांनीही ओळखता येते. विंडोजचा आवाज चालू ठेवून निरोगी कॅमेरा जोडला, तर जोडल्याचा चढता सूर, लगेच तोडल्याचा उतरता सूर आणि पुन्हा चढता सूर असे तीन आवाज एका दमात ऐकू येतात. नवख्या माणसाला ही केबल सैल असल्याची खूण वाटते, पण प्रकृती ठणठणीत असल्याची ती लक्षणे आहेत. माझ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत फक्त पहिला सूर येत होता आणि पुढे शांतता होती. याचा अर्थ चिप जिवंत होती, केबल ठीक होती, ओळखपत्रही वाचले गेले होते. फर्मवेअर उतरवणारा पहिला ड्रायव्हर तेवढा कामावर आला नव्हता.

क्वचित कॅमेरा ०४बी४:८६१३ या क्रमांकाने येतो. हा कोणत्याही कॅमेऱ्याचा क्रमांक नसून सायप्रेसच्या कोऱ्या चिपचा जन्मजात क्रमांक आहे. कॅमेऱ्याची ओळख साठवणारी शेजारची लहानशी स्मृती, ईईप्रॉम, पुसली गेली किंवा वाचता आली नाही की चिप आपले माहेरचे नाव सांगते. हे चित्र पाहून धीर सोडू नये, कारण ईईप्रॉममध्ये ओळख पुन्हा लिहिता येते. मात्र योग्य फाइल हाती नसताना तो प्रयोग करू नये.

पहिला ड्रायव्हर कामावर का येत नाही, याचे उत्तर बहुधा विंडोजच्या इतिहासात सापडते. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टाच्या ६४ बिटच्या आवृत्तीपासून डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरू दिला जात नाही, आणि २०१६ मधील विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्टची स्वतःची मोहोर आवश्यक झाली. एक्सपीच्या काळातील ३२ बिटचे ड्रायव्हर तर ६४ बिटच्या विंडोजवर चालूच शकत नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्ती निघालेलीच नाही. डिव्हाइस मॅनेजरमधील सांकेतिक क्रमांक येथे उपयोगी पडतात: २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही, ५२ म्हणजे त्याची सही पटली नाही. ४३ हा क्रमांक मात्र फारसे काही सांगत नाही. माझ्या लॅपटॉपवर अडसर 'मेमरी इंटिग्रिटी' या सुरक्षाव्यवस्थेचा होता, जी जुन्या घडणीचे ड्रायव्हर परस्पर अडवते. ती बंद केल्यावर तिन्ही सूर वाजले. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्याचे दार असे सताड उघडे ठेवणे मात्र मला पटत नाही, म्हणून ती व्यवस्था मी पुन्हा चालू केली आणि कॅमेऱ्यासाठी इंटरनेटशी न जोडलेला एक जुना लॅपटॉप वेगळा काढला.

दुसरा मार्ग लिनक्सचा आहे, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत तो मला अधिक भरवशाचा वाटतो. तेथे खगोल-उपकरणे चालवणाऱ्या इंडी या मुक्त प्रणालीत मीडच्या वर सांगितलेल्या कॅमेऱ्यासह अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर आहेत आणि फर्मवेअर उतरवण्याचे काम 'एफएक्सलोड' हा छोटासा कार्यक्रम करतो. आभासी यंत्रात (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) जुने विंडोज चालवण्याचा तिसरा मार्गही आहे, परंतु त्यात नेमके फसण्याचे ठिकाण म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन ओळखी. बहुतेक जण पहिल्या क्रमांकाचे उपकरण आभासी यंत्राकडे सोपवतात. फर्मवेअर मिळताच कॅमेरा नवे नाव धारण करतो, बाहेरच्या संगणकाची मूळ यंत्रणा त्याला परका समजून स्वतःकडे ठेवून घेते आणि आतले विंडोज वाट पाहत बसते. दोन्ही क्रमांकांसाठी परवानगी दिली की प्रश्न सुटतो.

जुनी उपकरणे आणि यूएसबी ३ ची निळी पोर्ट यांचेही नेहमी जमतेच असे नाही. अशा वेळी मध्ये यूएसबी २.० चा, स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब टाकून पाहावा. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरपर्यंत आला, तेव्हा अनेकांनी त्याची चित्रे फिलिप्सच्या 'टूयूकॅम' या साध्या वेबकॅमने घेतली होती. असले यूएसबी १.१ चे कॅमेरे अशा हबमागून अनेकदा पुन्हा बोलू लागतात. त्याहून जुन्या, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला जोडायच्या कॅमेऱ्यांसाठी मात्र बाजारातील यूएसबी-पॅरलल अडॅप्टर घेऊ नयेत. ते फक्त प्रिंटरचे सोंग वठवतात, आणि कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला मात्र पोर्टच्या पिना थेट हाताळायच्या असतात. त्यांच्यासाठी खरे पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणकच हवा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा व्यवस्थित दिसतो आणि तरी छायाचित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे नाव येत नाही, असे झाले तर यूएसबीचा नाद सोडावा. बहुधा सॉफ्टवेअर ६४ बिटचे आणि कॅमेऱ्याचा ॲस्कॉम (विंडोजवर खगोल-उपकरणे व सॉफ्टवेअर जोडणारी सामायिक पद्धत) ड्रायव्हर ३२ बिटचा असतो, किंवा आधी उघडलेला दुसरा कार्यक्रम कॅमेरा अडवून बसलेला असतो.

नाव दिसू लागल्यावर लगेच दुर्बिणीकडे धावू नये. कॅमेऱ्याच्या तोंडावर टोपण ठेवून, खोलीतच, १० सेकंदांची दोन चित्रे घ्यावीत. दोन्ही जवळपास काळी येतील, पण त्यांचा उजेड वाढवला की काळ्यावर विखुरलेले काही पांढरे ठिपके दिसतील. हे सीसीडीतील 'हॉट पिक्सेल', उष्णतेमुळे इतरांपेक्षा जास्त विद्युतभार गोळा करणारे. दोन्ही चित्रांत ते त्याच त्याच जागी असतील, तर जे उतरले ते संवेदकावरूनच उतरले आहे.